शिंपल्याच्या मोरावर सुंदराबाई

राजेरजवाड्यांची मला चीड आहे. तरी त्यांच्या खुर्च्या मीच घासते, पोट आहे ना. जोगेश्वरीतल्या आमच्या कारखान्यात घाटावरच्या एका संस्थानाची दरबारी खुर्ची दुरुस्तीला आली. शिसवाची, पितळी तारेची वेलबुट्टी, बसायच्या फळीवर शिंपल्याचा मोर. माझी आजी सुंदराबाई त्याच संस्थानातली. तिचा बाप राजवाड्याबाहेर उन्हात उभा राहून लांबूनच जोहार घालायचा. आत पाऊल टाकायची सोय नव्हती.

"संघमित्रा, एकदा टेकू दे गं," आजी रोज मागे लागायची. "बापाच्या वाटचं बसते."

आज खुर्ची जाणार, म्हणून दुपारी तिला घेऊनच आले. पॉलिश ओलं असलं की पायावर खडूने फुली मारायची, ही आमची रीत. फुली नव्हती. आजी खळ घातलेलं पांढरं लुगडं सावरत ऐटीत बसली. पाय जमिनीला पोचेनात, तर पोरीसारखे हलवायला लागली.

"कशी आहे गं?"

"कडक! राजांची ढुंगणं दुखत असतील."

तेवढ्यात पॉलिशवाला नंदू वडापाव खात आला आणि किंचाळला, "आजी! आत्ताच शेवटचा हात मारलाय!"

"फुली कुठाय रे?" मी विचारलं.

"राजाच्या खुर्चीवर फुली कशी मारू यार?"

"गेले राजे, तुझी मान वाकलेलीच, गाढवा!"

आजीने उठून बघितलं. लुगडं सुटेना.

"ओढू नका!" नंदू ओरडला. "शिंपले सकाळीच चिकटवलेत. मोर लुगड्यासकट येईल!"

आजी खदखदा हसायला लागली. मग मी. नंदूच्या तर नाकातून चटणी आली.

त्यातच खुर्चीचे मालक टपकले. अंधेरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण म्हणायचं राजेसाहेब!

"कोण ही बाई? उठवा तिला!"

"उठते की," आजी म्हणाली. "मोर बरोबर येतोय, चालेल?" आणि कंबर उचलली. खालून 'चर्र' झालं.

"नको, नको! बसा आजी! हलू नका, हात जोडतो!"

खरंच जोडले. आजी डोळे मोठे करून त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग पुन्हा असं हसू फुटलं की मोर हादरला.

पॉलिश सुटावं म्हणून मी लुगड्याच्या कडेने स्पिरिटचा ब्रश फिरवायला घेतला. मुद्दाम सावकाश. राजेसाहेब टेकायला जागा शोधत कारखानाभर फिरले. बाकी सगळ्या खुर्च्यांवर फुल्या होत्या.

"नंदू," आजी मागे रेलून म्हणाली, "साहेबांना चहा सांग रे. उभ्या उभ्या घेतील."