जोडीच्या दांड्या

ह्यांचं लाकूड कापायचं कटर मशीन विकायचं म्हणून आमचा मुलगा आला, तेव्हा सगळ्यात आधी मीच त्याच्यावर उखडले. आमच्या मागच्या खोलीत ह्यांचं सुतारकाम चालतं. मध्यंतरी हे कटर चालू ठेवून अंघोळीला निघून गेले. त्यानंतर काही दिवसांनी अंगठ्याचं टोक गेलं, टाके पडले. मुलाचं म्हणणं, पुढच्या वेळी पंजा जाईल. मी म्हटलं, सुताराला एखादी जखम व्हायचीच, तू ऑफिसात बसून कागदाने बोट कापून घेतोस त्याचं काय? तो हसला नाही.

शेवटी ह्यांनीच तोड काढली. सहा दांड्यांचं कोडं करून दाखवतो म्हणाले. जन्मभर करत आलेत ते. सहा चौकोनी दांड्या, एकमेकींच्या खाचांत अशा अडकतात की खिळा नको, गोंद नको. रविवारी तुझ्यासमोर जुळवतो. बसलं तर मशीन राहील, नाही बसलं तर खुशाल घेऊन जा. मुलगा तयार झाला. मी निर्धास्त होते. ह्या कामात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

काचपेपरचं काम पहिल्यापासून माझं. हे कापणार, मी घासणार. शनिवारी दुपारी घासायला बसले आणि दोन दांड्या हातात घेऊन थांबले. ह्या कोड्यात दोन दांड्या जोडीच्या असतात, आपल्या दोन हातांसारख्या. एकीची खाच डावीकडे, दुसरीची उजवीकडे. इथे दोन्ही डाव्या होत्या. खाचा मात्र इतक्या स्वच्छ, की कुठे नख अडकू नये.

दोन्ही ह्यांच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, अहो, ह्या एकाच हाताच्या झाल्या. ह्यांनी एक उचलली, फिरवली, दुसरीच्या शेजारी ठेवली. आता कपाळाला हात लावतील, उगाच माझ्यावर खेकसतील आणि नवी कापायला घेतील, असं वाटलं. ते नुसते बघत राहिले.

"बरोबर तर आहे," म्हणाले. "ही डावी, ही उजवी."

मी माझे दोन्ही हात पुढे धरून दाखवलं. बोट ठेवून खाच दाखवली. घोळ मीच घालतेय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि शहाणपण न करता घासायला सांगितलं. मी घासलं. चुकल्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. चुकत कोण नाही? पण दाखवूनही दिसत नव्हतं, आणि तेच हात पुन्हा कटरपाशी जाणार होते.

रविवारी मुलगा मागच्या खोलीत टेबलाशी येऊन बसला. ह्यांनी दोन दांड्या जुळवल्या, तिसरी घातली, चौथी काही आत जाईना. सगळं सोडवून पुन्हा सुरुवात. मग लाकूड फुगलंय म्हणाले. मग माझं घासणं कमी पडलं म्हणाले. मी मान डोलावली. ह्यांच्या मानेवर घाम आला, पट्टी बांधलेल्या अंगठ्याने तीच दांडी पुन्हा दाबायला लागले, तसं मुलाने दांड्या हळूच बाजूला सारल्या.

"राहू द्या, बाबा. मशीनही राहू द्या. पुढचं पुढे बघू."

ह्यांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. इतके दिवस ह्यांची बाजू मीच लावून धरली होती. मुलगाही माझ्याकडेच बघत होता. आता आई तरी खूश होईल, असं त्याला वाटलं असणार.

"मशीन आजच ने," मी म्हटलं.

"अगं आई, तूच तर भांडत होतीस."

"आजच ने. माझं मन फिरायच्या आत."

मुलाने बोल्ट काढायला पाना मागितला, तेव्हा ह्यांनी स्वतः उठून नेमका त्या मापाचा काढून दिला. शेजाऱ्याच्या मदतीने मशीन गाडीत चढवताना, पट्टा सांभाळ, एवढंच म्हणाले. मग परत टेबलाशी येऊन बसले आणि दांड्या पुढ्यात ओढल्या. मी स्टूल घेऊन शेजारी बसायला गेले. म्हटलं, नवी दांडी करवतीने कापू, सावकाश, मी धरते.

"तू आत जा," ते म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही. "आणि दार लावून घे."

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. पलीकडून लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता.