एकशे तेरावा फोटो

"चिखल तुडवायला एवढं शिकवलं का तुला?" मी वन्यजीव केंद्रात उमेदवारीला लागले तेव्हा बाबा कडाडले. मीही त्यांचीच लेक. दार आपटून निघाले.

पहिलंच काम ओढ्याकाठी झाडाला कॅमेरा बांधायचं. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. आठवड्याने केंद्रप्रमुख ताईंनी फोटो उघडले. एकशे बारा फोटोंत मीच! बांधताना, वाकताना, हरवलेला हातमोजा शोधताना. बांधण्याआधीच कॅमेरा चालू केला होता मी.

ताईंची हसून मुरकुंडी वळली. "नोंद कर. प्राणी: तू. संख्या: एक."

एकशे तेराव्या फोटोत मात्र पाणमांजर होतं. मागे दोन पिल्लं आणि तोंडात माझा हातमोजा!

तो फोटो बाबांना पाठवला. लगेच फोन आला, "माझ्या मापाचे गमबूट आहेत का गं तिथे?"