न चाखलेलं भरीत

शनिवारी दुपारी सुप्याजवळच्या आमच्या गावात पोरं माझ्या घरी जमतात. आम्ही टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम बघतो, आचाऱ्यांवरचे सिनेमे बघतो आणि वीज गेली की पाककृतींची पुस्तकं मोठ्यानं वाचतो. शाळेतून निवृत्त झाले तरी माझी शिकवायची खोड काही गेली नाही. भागाकार म्हटलं की तोंड वाकडं करणारी पोरं ‘चार जणांची खीर वीस जणांना करायची तर दूध किती?’ हे गणित जिभल्या चाटत सोडवतात.

यांत सगळ्यात पुढे सहावीतली राजेश्वरी. घरी भाजी ढवळतानासुद्धा ती टीव्हीतल्यासारखी बोलते. “तर मंडळी, आता आपण मोहरी तडतडू देऊया!” कमरेला पंचा, हातात चमचा आणि दर दोन मिनिटांनी चाखणं. तिची आजी लंकाबाई म्हणायची, “बाई, ही पोरगी वाढायच्या आतच निम्मी भाजी संपवती!”

चंपाषष्ठी जवळ आली. त्यांच्या घरचं दैवत खंडोबा. चातुर्मासात बंद असलेलं कांदा-वांगं त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचे जाड रोडगे यांचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू होतं. यंदा लंकाबाईचा हात मोडलेला, आई जयाला कंपनीतून रजा मिळेना. रोडग्यांची जबाबदारी चुलती अश्विनीनं घेतली. ‘भरीत मीच करणार’ म्हणून राजेश्वरी हटून बसली.

“कर की,” लंकाबाई म्हणाली. “पन एक ध्यानात ठेव. नैवेद्य दाखवल्याबिगर जिभेला लावायचं न्हाई. लावलंस तर उष्टं झालं. मग पुढं तुला देवाच्या सैपाकाला हात लावू द्यायची न्हाई मी.”

राजेश्वरी धावत माझ्याकडे आली. “बाई, टीव्हीतले सगळे शेफ सांगतात, चाखल्याशिवाय ताट बाहेर पाठवू नका. आता काय करू?”

मी रिमोट उचलला. आम्ही पाहिलेला एक कार्यक्रम आवाज बंद करून पुन्हा लावला. “त्या आचाऱ्याच्या तोंडाकडे नको, हातांकडे आणि नाकाकडे बघ.”

ती बराच वेळ बघत राहिली. “चाखायच्या आधी तो वास घेतो, बाई. आणि मीठ एकदम टाकत नाही, चिमटीत धरून बघतो.”

मग रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर सराव सुरू झाला. आधी रंग बघायचा, वास घ्यायचा, मीठ कमी की जास्त ते बोलून दाखवायचं आणि मगच चाखायचं. पहिल्या दिवशी ती ‘अळणी’ म्हणाली ते पिठलं खाऊन मी घटाघट पाणी प्यायले. पण हळूहळू अंदाज बसू लागला.

चंपाषष्ठीला मी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते. वांगी चुलीवर झकास भाजली गेली. साल निघालं, मिरची ठेचली, कांद्याची पात बारीक चिरली. बाईसाहेब रंगात आल्या. “तर मंडळी, आता फोडणी! आता दाण्याचं कूट! आणि आता चवीपुरतं मीठ!”

आणि ती थांबली.

“बाई, मी मीठ घातलं की नुसतंच बोलले?”

मीठ हा शब्द मी दोनदा तरी ऐकला होता, पण माझं लक्ष पातीच्या वासाकडे. बाहेरून तिचे वडील, अजिनाथ, ओरडले, “राजे, आटप! देवापुढं पाट मांडलाय.”

तिच्या हातात चमचा होता. चमच्यावर थोडं भरीत. आजी बाहेर, चुलती चुलीजवळ पाठमोरी. चमचा हनुवटीपर्यंत आला. तिनं माझ्याकडे बघितलं. शिकवणाऱ्यानं कधीकधी गप्प बसायचं असतं, आणि तेच फार जड जातं.

तिनं चमचा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, “आजी, मीठ घातलं का ते आठवत नाही. चाखलं नाहीये.”

कोणी हसलं नाही. लंकाबाईनं नातीकडे नीट बघितलं. “चाखावं वाटलं हुतं का?”

“लई वाटलं हुतं.” पोरगी आजीच्याच बोलीत उतरली.

“मग आन तसंच. हाय तसं दाखवू. देव काय नंबर द्यायला बसलाय व्हय?”

नैवेद्य दाखवला, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ झालं. लगेच सगळ्यांच्या नजरा राजेश्वरीकडे. तिनं एक घास तोंडात टाकला आणि तिचे डोळे बारीक झाले, ओठ आत ओढले गेले.

“खारट! दोनदा घातलं मी!”

अजिनाथ भिंतीला टेकून हसायला लागला. “तरी म्हटलं, एवढं भाषान देऊन सैपाक कुठं करत्यात!”

“पप्पा, हसू नका. पंगत पाच मिनिटं थांबवा. उरलेली वांगी भाजते आणि त्यात मिसळते.” पंचा खोचून ती पुन्हा चुलीकडे वळलीसुद्धा. या वेळी तोंड घट्ट मिटलेलं.

“पुढच्या वर्सी माझा हात बरा झाला तरी भरीत तूच करायचं,” लंकाबाईनं तिला पाठीमागून सांगितलं. मग चुलतीकडे वळली. “अश्विनी, देवापुढं आजून एक तांब्या भरून ठेव गं. त्याला आज पानी लई लागंल.”