फार तेल प्यायलेली खोळ

"तेल बोटभरच लाव, तेही वर्षातून एकदा. जास्त पाजलंस तर तोंड सैल पडेल हिचं, वेंडेल."

मला घडवणाऱ्या नेल्सचे हे शब्द अजून माझ्या शिवणीत आहेत. ज्याला सांगितले तो मान डोलावत होता. मान डोलावणे आणि नेम पाळणे यांत केवढे अंतर असते, ते मला पुढे कळले.

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची खोळ आहे. कमरपट्ट्याला अडकवून जिच्यात पिस्तूल ठेवतात, ती. इकडे अमेरिकेत, मोंटानात, मला होल्स्टर म्हणतात. नेल्स खोगिरे शिवायचा. त्याने जाड कातडे कोमट पाण्यात भिजवले, वेंडेलचे रिव्हॉल्व्हर त्यात बसवले आणि हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने दाबून दाबून त्याचा एकेक उंचवटा माझ्या अंगावर उमटवला. वाळल्यावर मी लाकडासारखी कडक झाले. हत्यार बाहेर काढले तरी माझे तोंड उघडेच राही, भरल्या घराच्या दारासारखे. खोळ एकाच हत्याराची असते. आमच्या जातीचे पातिव्रत्य म्हणा हवे तर.

वेंडेल गुरांचा तपासनीस होता. बाजारात आलेल्या जनावराच्या अंगावर मालकाने तापल्या लोखंडाने दिलेला डाग बघायचा आणि ते विकणाऱ्याचेच आहे की चोरीचे, ते सांगायचा. कामासाठी लांबलांबच्या कुरणांत एकटाच फिरायचा, म्हणून मी कमरेला. लिलावाच्या आवारात लोक म्हणत, "बायकोपेक्षा हिलाच जास्त चिकटून असतोस, वेंडेल."

"ही उलट बोलत नाही ना," तो म्हणे.

त्याची बायको आर्डिस हे ऐकून सगळ्यांत जास्त हसायची. इतक्या वर्षांत त्याला माणसावर एकदाही हत्यार उगारावे लागले नाही, ही देवाचीच कृपा.

मग तो निवृत्त झाला आणि त्याच हिवाळ्यात आर्डिस गेली. जुन्या वस्तू बहुधा आपल्याकडे कुणी बघितले नाही म्हणून रडतात. माझे उलटे झाले. दर रविवारी चर्चमधून आला की वेंडेल कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, कॉफी गार होऊ द्यायचा आणि मला तेल चोळायचा. एक रविवार चुकला नाही. त्याच्या हातांना सेवा करायला कुणीतरी हवे होते. मी काय करणार? मी प्यायले. माझे कातडे काळे पडले, गोधडीसारखे मऊ झाले. तोंडाची कड आत लोंबू लागली.

"बघ कशी लोण्यासारखी झालीय," तो कौतुकाने म्हणायचा.

यंदा त्याची मुलगी कॉर्लिस हिला बापाचीच जागा मिळाली. रुजू होण्याआधी पिस्तूल चालवण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरे करायचे होते. शिकवणाऱ्या व्होंडाबाईंनी तिला फोनवर बजावले होते, खोळ कडक हवी, चाप पूर्ण झाकणारी हवी, रिकामी असतानाही तोंड उघडे ठेवणारी हवी, आणि तुझ्याच पिस्तुलाच्या मापाची हवी. कॉर्लिसने तशी एक, कडक प्लास्टिकची, आणलीही होती.

वेंडेलने ती बोटांनी वाजवून पाहिली. "यात साबण ठेवतात, पोरी."

"बाबा, तिथं अशीच चालते."

"माझी घे. तिथं मी तुझ्या पाठीशी नसेन, ही तरी असेल."

त्याने मला तेलकट हातांनी पुढे केले. कॉर्लिसने त्या हातांकडे पाहिले आणि मला घेतले.

जेवणे झाल्यावर तिने रिकामे पिस्तूल माझ्यात घालून पाहिले. तिचे पिस्तूल नवे, चपटे. मी फुगीर पोटाच्या रिव्हॉल्व्हरवर घडलेली. ते आत येताना माझ्या तोंडाची कड दुमडली आणि थेट चापावर जाऊन टेकली. तिला ते दिसले नाही. मला मात्र जाणवले. पिस्तूल भरलेले असते, तर त्याच कडेने बोटासारखा चाप दाबला असता आणि गोळी हिच्याच मांडीत गेली असती. मित्रांनो, ओरडायला मला तोंड होते, पण ते नुसतेच मिटत होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, प्रशिक्षणाच्या मैदानावर काडतुसे देण्याआधी व्होंडाबाईंनी प्रत्येकाची खोळ हातात घेऊन पाहिली. माझ्या तोंडावर त्यांनी अंगठा ठेवला. मी मिटले.

"कुणाची गं ही?"

"बाबांची."

"बोळकं झालंय हिचं पार. हिच्यात भरलेलं पिस्तूल घालायचं नाही."

शेजारचे दोघे हसले.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "कुणीतरी फार माया केलीय हिच्यावर, तेल पाजपाजून." आणि त्यांनी आपल्या पेटीतली एक कडक खोळ कॉर्लिसला दिली.

मला बाकावर ठेवले. चारचौघांत नाकारले गेले म्हणून वाईट वाटायला हवे होते. मी मात्र उन्हात पडून देवाचे आभार मानत होते.

घरी वेंडेल दारातच उभा होता. "कशी वागली ही?"

कॉर्लिस बूट काढायला वाकली. "छान, बाबा."

त्याचा चेहरा असा फुलला की तिला पुढे बोलवेना. "मग सोमवारी कामावरही हीच बांधून जा," तो म्हणाला. रविवार नव्हता, तरी त्याने तेलाची बाटली काढली. मी पुन्हा प्यायले.

शनिवारी मी नुसतीच पिशवीत सोबत होते. कॉर्लिस उत्तीर्ण झाली. बाकीचे निघून गेल्यावर व्होंडाबाईंनी विचारले, "घरी सांगितलंस?"

"नाही. आई गेल्यापासून त्यांना दुसरं काही नाही, बाई. मी आणि ही."

"म्हणूनच म्हणते. त्यांना बरं वाटावं म्हणून एखाद्या दिवशी हीच कमरेला बांधशील. त्या दिवशी काही झालं, तर त्यांच्याजवळ काय उरेल?"

कॉर्लिस माझ्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"शब्द दे मला. आज सांगशील."

"आणि तेलामुळं असं झालं, हेही सांगू? ते कसं सांगायचं?"

"ते त्यांनी विचारलं तर. पण ही बांधणार नाहीस, एवढं आजच."

"सांगते," कॉर्लिस म्हणाली. "शब्द दिला."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच सांगून मी थांबले असते. पण जपण्यालाही माप असते. ज्याची सेवा करता, त्याला काय सोसते ते आधी पाहा. आणि जिचे काम संपले, तिला मायेपोटी पुन्हा कामाला जुंपू नका; खुंटीवरही ती सुखी असते. मला वाचा असती तर वेंडेलला हे मीच सांगितले असते, हलक्या आवाजात, त्याचे मन राखून. आता ते त्या पोरीच्या वाट्याला आले होते, आणि मला तिला मदत करता येत नव्हती.

गाडी अंगणात थांबली. खिडकीतून वेंडेल दोन ताटल्या मांडताना दिसत होता. कॉर्लिसने इंजिन बंद केले. मग तिने मला उचलले, कोटाखाली न लपवता दोन्ही हातांवर धरले, आणि पायऱ्या चढू लागली.