मिठाची गोणी आणि कांताबाईंचं वांग्याचं बी

मी एक जुनी तागाची गोणी आहे, मित्रांनो. माझा जन्म कुठल्याशा दूरच्या गिरणीत झाला, पण आयुष्य सारं वडनेरला कांताबाईंच्या गोठ्यात गेलं. माझ्या पोटात गुरांसाठी खडे मीठ असायचं. बैल येता-जाता मला चाटायचे. गोणीच्या वाट्याला याहून मोठं कौतुक ते काय येणार? मग प्लॅस्टिकची पोती आली आणि मी खुंटीला लागले. तिथून इकडेतिकडे डोकावत राहायचं, एवढंच काम उरलं.

कांताबाईंकडे वांग्याचं बी होतं, हिंगणीच्या माहेराहून आईनं दिलेलं. आता ते हिंगणीतही कुणाकडे उरलं नव्हतं. दरवर्षी पेरणीआधी त्या पन्नास बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत आणि आठवड्यानं मोड मोजत. चाळीसवर भरले, की शेजारीपाजारी बी वाटत. यंदा नेहमीचं गोणपाट उंदरांनी खाल्लं, म्हणून मला काढलं. धुतलं की ताग विरतो, ही त्यांची पक्की समजूत. त्यांनी मला नुसतं झटकलं, भिजवलं आणि बिया आत ठेवल्या.

मला कोण आनंद झाला! मोड कसा फुटतो, हे आता जवळून बघायला मिळणार होतं. पण चार दिवस गेले, सहा गेले, बिया ढिम्म. आठव्या दिवशी उलगडलं तेव्हा तिघींनाच मोड होते, तेही आखूड आणि टोकाशी करपलेले. असं का झालं, ते मला काही केल्या कळेना.

शेजारचे नत्थूभाऊ बघून म्हणाले, "वहिनी, बी मेलं हे. बाजारातून पाकीट आणा अन् मोकळ्या व्हा."

साठवणीच्या बियांचं मडकं उचलून कांताबाई उकिरड्याकडे निघाल्या.

त्यांची सून काजल मला वाळत घालत होती. माझ्या सुकलेल्या काठावर पांढरी पूड दिसली, तशी तिनं बोट लावून चाखली.

"आई, थांबा!" ती धावत गेली. "ही गोणी खारट लागून राह्यली. बियाले पाणीच पेता आलं नसन."

तेव्हा मला उमगलं. माझंच मीठ पाण्यात उतरलं होतं आणि त्या पाण्यानं बियांची वाट अडवली होती. मला फार वाईट वाटलं.

काजलनं माझ्यातल्या त्याच बिया गोड्या पाण्यात तीनदा धुतल्या आणि स्वच्छ फडक्यात बांधल्या. मडक्यातल्या पन्नास नव्या बिया वेगळ्या फडक्यात ठेवल्या. आठवड्यानं नव्यांपैकी सेहेचाळीस उगवल्या होत्या. माझ्या कुशीतल्या? चौतीस! थोड्या बुटक्या, पण जिवंत.

कांताबाईंनी त्यातला एक मोड तळहातावर घेतला. मग म्हणाल्या, "पाण्यात बसून तहानलं होतं वो पोरी हे, अन् मी त्याले मेलं म्हणून फेकून राह्यली होती."

मित्रांनो, बी उगवलं नाही तर आधी त्याचं अंथरूण बघा, पाणी चाखा, माती तपासा. बोल मग लावा. आणि आम्हा जुन्या गोण्यांना नवं काम देताना आधी स्वच्छ धुवा. धुतल्यानं मी विरले नाही. काल याच कांताबाईंनी मला आडावर खळखळून धुतलं, आणि नत्थूभाऊंच्या घरी जायचं बी माझ्यावर वाळत घातलं.