मिसेस हचिन्सच्या घरावरचा बोजा

एफ्राइन ऑर्नेलास गिलाव्याची कामं घ्यायचा. कॅलिफोर्नियात, फ्रेस्नो शहरावरच्या डोंगरात वणव्याने खाक झालेली घरं पुन्हा उभी राहत होती. त्यातल्या एका घराच्या चारही भिंती त्याने आणि त्याच्या दोन गड्यांनी लिंपल्या. मुख्य ठेकेदार डेल प्रुएट म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी चेक." असे चार शुक्रवार गेले. मग त्याचा फोन लागेना, आणि एक दिवस ऑफिसला कुलूप दिसलं.

अठरा हजार डॉलर अडकले. गड्यांची मजुरी चुकवायला नेलीची, बायकोची, गाडी विकावी लागली.

"त्या घरावर बोजा चढव," नेली म्हणाली. "कामाला हात लावला तेव्हा मालकिणीला रीतसर नोटीस धाडलीय आपण. ठेकेदाराने बुडवलं तर पैसे मिळेपर्यंत त्या घरावर कायद्याने हक्क आहे तुझा."

"काम संपल्यापासून नव्वद दिवस असतात त्याला. प्रुएट येईल."

"येईल ना! वाजतगाजत येईल, तू ओवाळायला उभा राहा!"

सोमवारी दुपारी तो सिमेंट-लाकडाच्या दुकानात उधारी मागायला गेला. तिथली जोलीन त्याला बघताच म्हणाली, "तू अजून इथेच? प्रुएटने आमचेही लाकडाचे पैसे बुडवले, दुसऱ्या एका घरावरचे. काउंटीच्या कचेरीत कागद बघायला गेले होते, तर तू लिंपलेल्या घराचीही नोंद दिसली. मालकिणीने केलेली, काम पुरं झाल्याची. ती झाली की नव्वदाचे तीस होतात, शहाण्या."

"मला कुणी कळवलं नाही!"

"राहत्या घराच्या मालकावर ते कळवायची सक्ती नाही." तिने कॅलेंडरवर बोट फिरवलं. "आज तिसावा दिवस आहे, एफ्राइन."

दोन वाजले होते. काउंटीच्या नोंदणी कचेरीची खिडकी चारला बंद व्हायची. तो घरी धावला, नेलीने स्वयंपाकाच्या ओट्यावरच बोजाचे कागद भरले. घाईत एक फॉर्म चुकला, तो फाडावा लागला. एक प्रत मालकिणीला रजिस्टर टपालाने धाडून तो कचेरीत धावला. चारला दहा कमी असताना खिडकीतली बाई म्हणाली, "टपाल केल्याच्या कागदावर तुमची सही नाही." त्याने उभ्याउभ्या सही ठोकली. शिक्का पडला.

तो बाहेर पायरीवर आला. हायसं वाटायला हवं होतं, पण मालकिणीला अजून काहीच माहीत नव्हतं.

टपालाआधी आपण पोचावं म्हणून तो तडक डोंगरात गेला. घराची मालकीण व्हर्ला हचिन्स हिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. घर होईतो वर्षभर ती अंगणातल्या चाकांवरच्या ट्रेलरमध्ये राहिली. विम्याचा सगळा पैसा तिने प्रुएटच्या हातात ठेवला होता. एफ्राइनने सगळं सांगितलं, तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मी पैसे दिलेत. पै न पै दिलेत!"

"माहीत आहे, बाई. मला मिळाले नाहीत."

"मग त्याच्या घरावर चढव ना बोजा!"

"त्याच्या घराला मी हात लावलेला नाही. मी लिंपलं ते हे."

"ती नोटीस आली होती. मला वाटलं, जाहिरात असेल." ती खाली बसली. "एकदा जळालं. आता तू घेणार?"

एफ्राइन पायऱ्या उतरून परत निघाला.

नोंदल्यापासून नव्वद दिवसांत कोर्टात दावा लावला नाही तर बोजा आपोआप मरतो. वकिलाने आधी तीन हजार मागितले. एफ्राइनने गिलाव्याचा पंप विकायला काढला. रात्र रात्र त्याचा डोळा लागेना; एकदा तर कागदच फाडतो म्हणून उठला. "फाड," नेली म्हणाली, "आणि मग दोन्ही गड्यांना तूच सांग, घरी बसा."

ऐंशीव्या दिवशी हचिन्सबाईंचा फोन आला. "ट्रेलर विकला. अकरा हजार आलेत. यापेक्षा जास्त माझ्याजवळ नाही."

एफ्राइनने ते घेतले. बोजा उतरवल्याच्या कागदावर त्याने नोटरीसमोर सही केली, तेव्हा ती शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"भिंती चांगल्या झाल्यात," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ठेकेदारीच्या परवान्यासाठी प्रुएटला जामिनाची रक्कम ठेवावी लागली होती, तिच्यावर तिने आणि त्याने आपापला दावा टाकला; त्यांच्यापुढे एकोणीस जण होते. पंप गेला, एक गडी गेला. पुढच्या सोमवारी एफ्राइन दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर उभा राहिला.