भगवानरावाच्या वावरातलं जहाज

सेवादास जहाजाच्या परांचीवरून पडून वारला, ही बातमी आर्णीजवळच्या तांड्यावर पोचली तेव्हा त्याला अग्नी देऊन सहा दिवस झाले होते. बातमी आणली देवीलालनं. तो उमरखेडकडच्या तांड्यातला. दोघं एकाच बंदरात जहाजं बांधायच्या कामावर होते. सेवादासची आई भुरीबाई सगळं ऐकून उठली आणि तिनं पाहुण्याला पाणी दिलं. रडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तांड्यातल्या बाया ढावलो म्हणायला, म्हणजे गळ्यात गळा घालून सुरात रडायला, जमल्या आणि तशाच परत गेल्या. तेव्हा तिचा नवरा धावजी घाबरला.

तिसऱ्या दिवशी ती देवीलालला म्हणाली, "पडला, पडला म्हणतं. कुठून पडला? केवढं असते जहाज?"

"तीनशे तीस हात लांब, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"दाखव मले."

आर्णी तालुक्यात जहाज मिळणं तसं अवघडच. धावजीनं मोटेचा नाडा सोडून आणला, पन्नास हातांचा. त्याच्या वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. देवीलालनं खुंटी ठोकली.

"आधी असा लांब कणा मांडतात. त्याले दोन्हीकून फासळ्या. मंग बाहेरून पोलादाचे पत्रे जोडत जायाचे, एकेक पत्रा खाटेहून मोठा."

"जनावरासारखंच," धावजी म्हणाला. "पण इतकं मोठं कायले करतात?"

"माल दुप्पट भरला तरी माणसं दुप्पट लागत नाहीत, काका. तेलही नाही."

धावजीच्या आज्यानं शंभर बैलांवर मीठ वाहिलं होतं. त्यानं थोडा विचार केला. "बराबर आहे. आमचा माल वाढला का बैल वाढे, चारा वाढे. बैल मोठा कराची सोय नव्हती."

चार नाडे झाले आणि धुरा, म्हणजे वावराचा बांध, आला. पाचवा नाडा शेजारच्या भगवानरावाच्या उभ्या पऱ्हाटीत पडला. भगवानराव धावत आला.

"काहो धावजी, धुरा सरकवून राह्यले का?"

"नाही. जहाज मांडून राह्यलो."

"माह्या वावरात?"

"माह्यात मावत नाही."

भगवानरावानं भुरीबाईकडे पाहिलं. मग तो नाड्याच्या वाटेतून बाजूला झाला.

पाचव्या नाड्याच्या टोकाशी देवीलाल थांबला. "इथं, याडी. दोन निंब एकावर एक ठेवले तेवढ्या उंचीवर होता. आतल्या अंगाले पडला."

"खाली काय होतं?"

"पोलाद."

भुरीबाईनं वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. ती बराच वेळ तिथंच पाहत राहिली. मग बसायला वाकली, तर पऱ्हाट्या टोचल्या.

"थांबा बाई," म्हणून भगवानरावानं तिच्याभोवतीच्या पऱ्हाट्या हातानं उपटल्या. ती खाली बसली, पदर तोंडावर घेतला आणि तिनं ढावलो सुरू केला.

भगवानरावाला तांड्याची गोरबोली येत नव्हती. टोपी काढावी की डोक्यावरच असू द्यावी, तेही ठरेना.

"आजून किती आहे जहाज?" त्यानं हळूच विचारलं.

"दीड नाडा," देवीलाल म्हणाला.

भगवानराव पुढच्या पऱ्हाट्या उपटू लागला.